एमईएस एकच, पण कारखाने वेगळे

प्रश्न : आमचा एक प्लांट हिंगणा एमआयडीसीत आहे, बाकीचे परदेशात. मुख्यालय सगळीकडे एकच एमईएस (कारखान्यातलं उत्पादन चालवणारी व नोंदवणारी प्रणाली) लावणार आहे. आमच्या कामात ती बसेल का? – एक प्रॉडक्शन मॅनेजर, नागपूर

उत्तर : बसेल, पण सॉफ्टवेअरच्या आधी व्याख्या एक करून घ्या. उदाहरणार्थ, नागपूरच्याच मिहानमध्ये बोइंग 787 विमानाच्या कॉम्पोझिट फ्लोअर बीम तयार होतात. अशा कामात प्रत्येक नगाचा इतिहास परदेशातल्या जुळणीपर्यंत सोबत जावा लागतो. त्यासाठीचं रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बन कापड उणे 18 अंशांच्या आसपास ठेवतात. बाहेर काढल्यापासून त्याचे तास मोजले जातात. एका प्लांटने फ्रीझरचं दार उघडल्यापासून मोजले आणि दुसऱ्याने कटिंगपासून, तर स्क्रीनवरचा आकडा सारखा दिसेल, माल मात्र सारखा नसेल. डाउनटाइमचंही तेच. डाय बदलण्याची वेळ त्यात धरायची की नाही, हे लेखी ठरवा. आयएसए-95 हे मानक 2000 पासून आहे. एमईएस आणि ईआरपी (कंपनीची नियोजन प्रणाली) यांच्यात कोणती माहिती जायची, यासाठी त्याचाच आधार घ्या.

पार्ट नंबर, दोषांचे कोड आणि ट्रेसेबिलिटी यांत प्लांटनिहाय सवलत अजिबात मागू नका. शिफ्टच्या वेळा, स्थानिक मशीनची जोडणी आणि ऑपरेटरसाठी मराठी स्क्रीन यांवर मात्र ठाम राहा. माझ्या मते मराठी स्क्रीन सर्वांत महत्त्वाची, कारण नोंद चुकते ती तिथेच. नेटवर्क तुटलं तरी लाइन चालावी म्हणून सर्व्हर प्लांटमध्येच मागा. आणि चाचणीला रात्रपाळीचा सुपरवायझर बसवा, फक्त आयटीची माणसं नकोत.