छत्तीस ठिपक्यांएवढे काका

काकांचं जोत ड्रोनमधून टिपायचं म्हणून मी एकाच दिवसात दोनदा ड्रोन उडवला. सकाळी ४के मध्ये आणि दुपारी फुल एचडीमध्ये. सकाळी हावरटपणा नडला, दुपारी भीती. पुढल्या वर्षी नीट करू म्हणायची सोय राहिली नाही, कारण त्या दिवाळीच्या आधी काकांनी बैलजोडी विकली आणि आता आमच्या खाचरांत पॉवर टिलर फिरतो.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मी राहतो डोंबिवलीत. लावणीला चार दिवस रजा काढून जातो, चिखलात उभा राहतो, कंबर धरून परत येतो. त्या वर्षी सोबत नवा ड्रोन होता, २५० ग्रॅमच्या आतला. २०२१च्या ड्रोन नियमांत हा नॅनो वर्ग. हौसेखातर उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते नकाशावर आधी बघायचं असतं आणि ग्रीन झोनमध्येही ४०० फुटांच्या वर जायचं नसतं. एवढं सगळं मी बघितलं होतं. जे बघायचं राहिलं ते नखाएवढं होतं: मेमरी कार्ड.

ड्रोनच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय होते, ४के, २.७के आणि फुल एचडी. मी बोट सरळ ४के वर ठेवलं. पैसे ४के चे मोजलेत तर कमी का घ्यायचं, हा विचार; थाळी घेतलीय तर ताक पण प्यायचंच, त्यातला. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, एका चौकटीत जवळजवळ ८३ लाख. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, पावणेएकवीस लाख. चौपट माल. पण चौपट माल वाहायला गाडीही तशी हवी, हे सुचलं नाही.

माझा ड्रोन ४के मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. कार्ड मी ड्रोनसोबत घाईत घेतलेलं, साधं क्लास १० चं. क्लास १० चा अर्थ, हे कार्ड सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहील एवढीच हमी. कार्डाच्या पाकिटावर ठळक छापलेला ८० की ९० चा आकडा वाचनाचा वेग सांगतो, तो आपल्या कामाचा नाही. कार्डावर U3 किंवा V30 अशी खूण असेल तर सेकंदाला ३० मेगाबाइट लिखाणाची हमी असते. माझ्या कार्डावर यातलं काही नव्हतं. साडेबारा शेर भात दहा शेराच्या मापात ओतायला निघालो होतो.

सकाळी पावसानं उघडीप दिली. काका जोत घेऊन खालच्या खाचरात उतरले, चिखलणी सुरू झाली. मी बांधावर, चुलतभाऊ माझ्या डोक्यावर छत्री धरून, फोनच्या काचेवर पागोळीचे थेंब. ड्रोन वर गेला, तांबडा ठिपका लागला, वेळेचे आकडे पळू लागले. मी काठीवर अंगठे ठेवून बैलांच्या मागे मागे अशी सुंदर चाल साधली की काय सांगू. अठरा मिनिटं. खाली उतरवल्यावर पाहतो तर फाइल एक, लांबी ५२ सेकंद. कार्डाला वेग झेपेना म्हणून चित्रण थांबलं होतं. स्क्रीनवर इशारा आलाही असेल. ओल्या काचेत आणि माझ्या उत्साहात तो दिसला नाही. उरलेली सतरा मिनिटं मी नुसता ड्रोन फिरवत होतो.

त्या ५२ सेकंदांत बैल अजून चौकटीत आलेही नव्हते.

दुपारी जेवणानंतर काका म्हणाले, "वरचं एक खाचर ऱ्हायलंय. काढ पुन्हा." मी आता घाबरलेला. सेटिंग फुल एचडीवर आणलं, म्हटलं कार्डाला त्रास नको. हे ठीकच होतं. पण सकाळी ड्रोन जवळ गेल्यावर डावा बैल बुजला होता, कान टवकारून थांबला होता, आणि काकांनी तोंड उघडून शिवी दिली नसली तरी दिली होती. म्हणून दुपारी ड्रोन लांब ठेवला, साधारण ६० मीटर. चित्रण पूर्ण झालं, एकही खंड नाही. रात्री कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली लॅपटॉप उघडला. हिरवीगार खाचरं, मधे आरशासारखं पाणी, आणि त्यात मुंगीसारखं काहीतरी सरकतंय. मोठं करून बघावं तर काका आणि बैल मिळून एक तपकिरी डाग.

हा हिशोब नंतर डोंबिवलीत बसून मांडला. तुम्ही मात्र उडवण्याआधी मांडा, पाच मिनिटांचं काम आहे. बहुतेक छोट्या ड्रोनची लेन्स रुंद असते, जुन्या फिल्मच्या भाषेत २४ मिलिमीटरची. तिच्यातून जितकं अंतर असेल त्याच्या दीडपट रुंदी चौकटीत मावते. ६० मीटरवरून ९० मीटर रुंद पट्टा. ९० मीटर १९२० ठिपक्यांत वाटले तर एक ठिपका पावणेपाच सेंटिमीटरचा. साडेपाच फुटांचे काका सरळ उभे राहिले असते तरी ३६ ठिपके उंच आले असते, आणि नांगराच्या रुमण्यावर वाकलेला माणूस कधी सरळ उभा असतो? बैलाच्या कपाळावरचा चांद तीन ठिपक्यांत संपला. ४के मध्ये हेच काका ७२ ठिपक्यांचे झाले असते. चेहरा तेव्हाही कळला नसता, पण माणूस कळला असता.

आता यातली खरी बोच. ठिपके दुप्पट करायला ४केच लागतं असं नाही. ३० मीटरवर गेलो असतो तर फुल एचडीतही ७२ आले असते, पण बैल आड आले. तिसरी वाट मला माहीतच नव्हती. माझ्या ड्रोनच्या सेन्सरवर आडवे ४००० ठिपके आहेत. फुल एचडीला त्यातले १९२०च लागतात. त्यामुळे फुल एचडीत राहून दुप्पट झूम लावला तर ड्रोन मधला भाग जसाच्या तसा उचलतो, ताणून फुगवत नाही. कार्ड तेच, अंतर तेच, बैल शांत, आणि काका ७२ ठिपक्यांचे. झूमची ती छोटीशी खूण फोनच्या स्क्रीनवर माझ्या अंगठ्याशेजारी होती. माहितीपुस्तिका वाचायची नसते ही पुरुषमंडळींची श्रद्धा मला अशी महागात पडली. एक सांगून ठेवतो: दुपटीच्या पुढे गेलात तर मात्र ठिपके फुगवलेले असतात, आणि ४केत झूम लावला तर लगेच फुगवणं सुरू होतं, कारण तिथे सेन्सर आधीच जवळजवळ पुरता वापरलेला असतो.

मग ४के घ्यायचं कधी? मी आता उलटीकडून मोजतो. आधी बघणारा, मग लॅपटॉप, मग कार्ड, आणि सगळ्यात शेवटी ड्रोनचं सेटिंग.

बघणारा म्हणजे आमच्या घरी ४३ इंची टीव्ही आणि त्यापासून आठ फुटांवर सोफा. ४३ इंची टीव्ही ९५ सेंटिमीटर रुंद असतो, फुल एचडीचा एक ठिपका त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. चांगल्या नजरेच्या माणसालाही साडेपाच-सहा फुटांपलीकडून अर्धा मिलिमीटर वेगळा दिसत नाही. म्हणजे आमच्या सोफ्यावरून ४के आणि फुल एचडी एकच. मावशीच्या फोनवर तर बोलायलाच नको. व्हॉट्सॲप व्हिडिओ असा चेपतं की ४केचा तुरा वाटेतच गळतो. मूळ फाइल पोचवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवा, तशी गेली तर चेपत नाही.

पण बघणं आणि कापणं यात फरक आहे. ४के घेऊन शेवटी फुल एचडीत सिनेमा केला, तर प्रत्येक चौकटीत दुप्पट जवळ जायची मोकळीक घरी बसून मिळते. क्षितिज तिरकं आलं, सरळ करा. काका कडेला गेले, मधे आणा. उडवताना ज्याचा हात माझ्यासारखा कच्चा आहे, त्याला ही मोकळीक फार उपयोगी. आणि जे पुन्हा घडणार नाही, ते शंका असेल तेव्हा ४केतच घ्यावं. शास्त्री नदीचं वळण पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. त्याला फुल एचडी पुष्कळ झालं. पाण्याचे शिंतोडे संथ गतीनं दाखवायचे असतील तर माझ्या ड्रोनला फुल एचडीतच सेकंदाला ६० चौकटी काढता येतात, ४केत ३०च. तिथे ४केचा हट्ट धरला तर संथ गती हातची जाते.

२.७केबद्दल लोक विचारतात. २७२० बाय १५३०, म्हणजे साडेएकेचाळीस लाख ठिपके. फुल एचडीच्या दुप्पट, ४केच्या निम्मे. कुठल्याच टीव्हीचं हे माप नाही, म्हणून मी आधी त्याला हसलो. पण ज्याचा लॅपटॉप जुना आहे त्याच्यासाठी ही मधली पायरी बरी. कापायला थोडी जागा मिळते, लॅपटॉपचा पंखाही विमानासारखा घोंघावत नाही. माझा लॅपटॉप २०१४चा. ४केची फाइल त्यात उघडली की चित्र एक पाऊल टाकून विचारात पडायचं. ड्रोनमध्ये एच.२६५चा पर्याय असेल तर फाइल लहान होते खरी, पण ती उलगडायला मशीनमध्येच तशी सोय लागते, आणि इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती नसते. अशांनी एच.२६४ घ्यावं. किंवा डाव्हिंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी करावी: हलक्या नकलेवर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइलवरून सिनेमा काढायचा. त्याच्या फुकट आवृत्तीतूनही ३८४० बाय २१६०पर्यंत व्हिडिओ काढता येतो. मी हेच करतो. नकला तयार होईपर्यंत चहा होतो, कधी कधी जेवणही.

जागेचा हिशोब सोपा आहे. मेगाबिटच्या आकड्याला आठनं भागा, साठनं गुणा, मिनिटाचे मेगाबाइट निघतात. माझ्या ४केचे ७५०. वीस मिनिटांच्या उड्डाणाला १५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात चार उड्डाणं मावतात, पाचवं अर्धवट राहतं. ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड असेल तर फाइल ४ जीबीला तुटते, म्हणजे माझ्या वेगानं पावणेसहा मिनिटांनी. त्याला बिघाड समजून घाबरू नका, तुकडे जोडता येतात. आणि कार्ड पुसण्याआधी खात्री करा की मूळ फाइल्स खरंच उतरवल्यात. ॲपमुळे फोनमध्ये जी प्रत साठते ती बऱ्याच वेळा ७२०ची असते, उडवताना दिसणाऱ्या चित्राची. फोनवर चकचकीत दिसते आणि माणूस निर्धास्तपणे कार्ड साफ करतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आता मी गच्चीवर जातो. समोरच्या झाडाकडे ड्रोनचं तोंड करून, पंखे बंद ठेवून, तिन्ही सेटिंगमध्ये तीन-तीन मिनिटं चित्रण करतो आणि घरच्या टीव्हीवर लावतो. फाइल पुरी तीन मिनिटांची आहे का, पानं सुटी दिसतात की हिरवा लगदा होतो, लॅपटॉप अडखळतो का, तिन्ही गोष्टी कळतात. शेजारी विचारतात, रोज काय झाडाचा फोटो काढता. काढतो म्हणतो.

त्या वर्षी गणपतीला सगळे गावी जमले तेव्हा मी दुपारचं चित्रण टीव्हीला लावलं. नदी, कौलं, खाचरं, मंडळी खूश. कुणी विचारलं नाही ४के आहे का. मग वरचं खाचर आलं. काका पाठीमागे भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, मुलांच्या मधून वाट काढत टीव्हीपाशी गेले आणि काचेपासून वीतभर अंतरावर उभे राहिले. माझं साडेपाच फुटांचं गणित तिथे कामाचं नव्हतं. त्यांनी बोट टेकवलं.

"ह्यातला चांद्या कंचा रे?"

मी पुढे गेलो, वाकून पाहिलं. काकूनं मागून सांगितलं, डावीकडचा असेल, तोच बुजरा. काका म्हणाले, "दुपारी जोडी बदलली हुती मी." आणि बोट तसंच ठेवून त्या डागासोबत खाचराच्या दुसऱ्या बांधापर्यंत सरकत गेले.