ॲझोटोबॅक्टर : नत्र देणारे जिवाणू

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते. परंतु पिकांस ते थेट घेता येत नाही. हॉलंडमधील शास्त्रज्ञ बायरिंक यांनी इ. स. १९०१ मध्ये वर्णन केलेले ॲझोटोबॅक्टर जिवाणू ते जमिनीत स्थिर करतात. त्यांच्या अनेक जाती असून क्रोकोकम ही विशेष आढळते. त्यांना मुळांवरील गाठी लागत नाहीत. म्हणून ज्वारी, गहू, कापूस यांनाही त्यांचा उपयोग होतो. मात्र सेंद्रिय खताविना त्यांची उपासमार होते व आम्ल जमिनीत वाढ खुंटते.

दर किलो बियाण्यास २५ ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. पाकीट उन्हात राहिल्यास जिवाणू मरतात आणि खर्च वाया जातो. यास्तव पाकिटावरील अंतिम तारीख पाहूनच ते घ्यावे.