उघडी ओंजळ

अमरावती जिल्ह्यातील यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. १९०९ साली त्यांचा जन्म झाला. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. खंजिरीच्या तालावर ते गावोगावी भजने गात आणि सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र बसवून सामुदायिक प्रार्थना करवीत. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेसही ते गेले होते. १९६८ साली त्यांचे महानिर्वाण झाले. त्यांच्या पुण्यतिथीस मोझरीला फार मोठा जनसमुदाय लोटतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे स्तब्ध उभे राहून महाराजांना मौन श्रद्धांजली वाहतात.

लहानपणी एकदा मी आजोबांबरोबर या सोहळ्यास गेलो होतो. आमचे शेजारी, वृद्ध चाचाही सोबत होते. ते मुसलमान, परंतु महाराजांची भजने त्यांना फार प्रिय होती.

ठरलेली वेळ झाली. क्षणार्धात सर्वत्र शांतता पसरली. लोकांनी डोळे मिटून हात जोडले. मी मात्र हळूच चाचांकडे पाहिले. त्यांचे हात जोडलेले नव्हते.

परतताना मी म्हणालो, “आजोबा, चाचांच्या मनात भक्ती नाही. त्यांनी हातसुद्धा जोडले नाहीत!”

आजोबांनी शांतपणे विचारले, “बाळ, त्या वेळी तुझे डोळे कोठे होते?”

मी मान खाली घातली. माझे बोलणे चाचांच्याही कानी पडले होते. पण ते रागावले नाहीत. दोन्ही तळवे ओंजळीसारखे उघडून ते म्हणाले, “बेटा, दुआ मागताना आम्ही हात असे धरतो. आज मी तुझ्यासाठीही मागणे मागितले. तू खूप शिकावेस, एवढेच.”

माझे डोळे भरून आले. ज्यांना मी भक्तिहीन ठरविले, ते माझेच कल्याण चिंतीत होते. प्रार्थनेत लक्ष नव्हते ते माझे!

मुलांनो, दुसऱ्याचा आचार आपणांस दिसतो. त्याचे अंतःकरण दिसत नाही. कोणी हात जोडतो, कोणी ओंजळ पसरतो, कोणी गुडघे टेकतो. आपली रीत तेथे नाही, म्हणून श्रद्धाही नाही, असा निवाडा करणारे आपण कोण? जे समजत नाही, ते नम्रपणे विचारावे. आणि प्रार्थनेच्या वेळी आपले मन कोठे आहे, ते आधी पाहावे.

स्वाध्याय
१. आजोबांच्या प्रश्नाने लेखकाने मान खाली का घातली?
२. पाठास ‘उघडी ओंजळ’ हे नाव का दिले असावे?
३. अर्थ सांगा : क्षणार्ध, निवाडा, आचार.