पहिला पावसाळा नुसतं बघा

परसात ध्यानाला किंवा नुसतं गप्प बसायला बाग करायची असेल, तर मावळात पहिल्या पावसाळ्यात काही लावू नये. बघावं. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठला कोपरा शेवाळतो. नवलाख उंबऱ्याला प्लॉट घेऊन येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना मी हे सांगते आणि ते हसून ऐकून घेतात, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये बागेचा फोटो आधीच असतो. पांढरे गोटे, बुद्धाची मूर्ती, छोटं कारंजं, मागे बांबूची रांग, मधे लॉन. अगदी अशीच बाग एका कंत्राटदाराने आमच्या परसात मे महिन्यात करून दिली होती. फोटोत होती तशीच झाली. जुलैपर्यंत टिकली.

का टिकली नाही, ते शेजारच्या शेतकरी आजोबांनी कुंपणापलीकडूनच सांगितलं. “बाई, हे खाचर हाय. हिला आमी पानी धरून ठेवायला शिकवलंय. आता तुमच्यासाठी सोडंल व्हय?”

इकडचे पुष्कळ प्लॉट भातखाचरं मोडून पाडलेले आहेत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी हे वाण दिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे भातच होतो. दरवर्षी चिखलणी करून करून वरच्या वीतभर मातीखाली एक घट्ट थर बसतो. पाणी त्याच्या खाली उतरत नाही. भाताला तेच हवं असतं, बागेतल्या बहुतेक झाडांना तेच मारतं. कंत्राटदाराने त्यावर अर्धा फूट तांबडी माती ओतली होती. आसपासचे गुलाबवाले पॉलिहाऊसमध्ये अशीच माती आणतात, पण त्यांच्या डोक्यावर छप्पर असतं आणि रोपं उंच वाफ्यांवर. उघड्यावर ती माती दोन-तीन जोरदार सरींत लापशी झाली. रोझमेरीचं एक पिवळं पडलेलं रोप हलकेच ओढलं, तर मुळाची साल ओल्या कागदासारखी चिमटीत आली आणि गटाराचा वास सुटला. खाली मुळांना श्वास घ्यायला जागाच नव्हती.

म्हणून खर्चाला हात घालण्याआधी एक करा. दीड फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर आधी पहारीने तो थर फोडून घ्या, उताराच्या बाजूला चर काढून त्यात खडी भरा आणि झाडं जमिनीपेक्षा फूटभर उंच वरंब्यावर लावा. चराचं तोंड मात्र शेजाऱ्याच्या बांधाकडे काढू नका. बांधावरून पाणी सोडल्याची भांडणं तलाठ्यापर्यंत जातात, मग कसलं ध्यान! ज्यांचा प्लॉट टेकडीच्या बाजूला मुरमाड आहे त्यांचं उलट असतं. पाणी तासाभरात गायब होतं. तिथे खड्ड्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरण्यावर पैसे घालावेत.

गोट्यांबद्दल माझं मत ठाम आहे: नकोत. प्राजक्ताचा सडा अंगणात पडला तर खराट्याने दोन मिनिटांत गोळा होतो. तो गोट्यांत पडला की एकेक फूल बोटाने उचलावं लागतं. नाही उचललं तर तिथेच कुजतं, ओल धरते, आणि श्रावणापर्यंत पांढरे गोटे हिरवे झालेले असतात. त्यांच्या सांदीत बेडूक येतात, बेडकांमागे साप. दाट बांबूखालचा पाला, लाकडी डेकची पोकळी, कोपऱ्यात रचून ठेवलेलं सरपण, ही सगळी घोणशीच्या आवडीची ठिकाणं. बसायच्या जागेभोवती चार-पाच हात जमीन उघडी, झाडलेली ठेवा आणि अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकू नका. साप निघालाच तर सर्पमित्राला बोलवा, स्वतः काठी घेऊ नका. चावला तर मांत्रिक नको, चिरणं-बांधणं नको, लगेच १०८.

कारंज्याचं दुखणं वेगळं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी फौज उडते. शनिवार-रविवारी येणारा मालक एक आठवडा चुकला की हिशेब बरोबर डासांच्या बाजूने बसतो. शिवाय हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, म्हणजे आपण डोळे मिटून बसायच्या वेळेलाच. आठवड्यातून एकदा भांडं नुसतं ओतून भागत नाही, काठ घासावा लागतो, कारण कोरड्या काठाला चिकटलेली अंडी काही महिने जिवंत राहतात. पाणी हवंच असेल तर मोठं टाकं करून त्यात गप्पी मासे सोडा.

आता आवाज. तुकोबा भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर बसायला जात तेव्हा खाली एमआयडीसी नव्हती. आता तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर चालतात आणि कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून सुरू होतात. झाडांची एक रांग लावली की आवाज थांबतो असं नर्सरीवाले सांगतात. थांबत नाही. डोळ्यांआड होतो इतकंच. आवाज अडवायला झाडीचा जाड पट्टा लागतो, आणि तेवढी जागा गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये नसते. भरीव भिंत आवाज अडवते, आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी भिंत म्हणजे घर. बसायची जागा घराच्या रस्त्याविरुद्धच्या बाजूला घ्या, बोअरच्या मोटारीपासून लांब. हरिनाम सप्ताहाच्या भोंग्यावर मात्र इलाज नाही. त्या आठवड्यात मंडपात जाऊनच बसावं.

बसायच्या जागेला फारसं काही लागत नाही. गुडघाभर उंचीचा दगडी ओटा, पूर्वेकडे तोंड, वर पत्र्याची नव्हे तर कौलांची पडवी, कारण पत्र्यावर मावळातला पाऊस पडायला लागला की स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. फरशी घोटलेली नको, टाकीच्या घावांची खडबडीत घ्या. गुळगुळीत शहाबादीवर आषाढात पाय सरकतो. सोलर दिव्यांची माळ लावू नका. मृगाच्या सुमारास काजवे बघायला लोक राजमाचीला गर्दी करतात. अंधार ठेवला तर एखादा परसातही दिसू शकतो, झगझगाटात मात्र कधीच नाही.

झाडं थोडी. सप्तपर्णी झटपट वाढते म्हणून खपवतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या उग्र वासाने डोकं उठतं. बकुळ घ्या. सावली द्यायला ती वर्षानुवर्षं घेते. तोवर मांडवावर मधुमालती चढवा आणि कडेला केळ लावा, केळीला ओल चालते. खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्या आणि पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा. ऐन आषाढात चिकट मातीत लावलेलं रोप बसत नाही.

गावाच्या नावामुळे प्रत्येकाला परसात उंबर हवा असतो. झाड गुणी आहे. फळं धरली की तांबट, हरियाल, कोकीळ येतात आणि रात्री वटवाघळं. पण त्याची मुळं पाण्याच्या मागावर सेप्टिक टँकपर्यंत आणि पायापर्यंत जातात, आणि पिकलेल्या फळांवर चिलटांचे थवे उठतात. तो ओट्यावर सावली धरायला लावू नका, आणि विकतही घेऊ नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून तो कंपाउंडच्या भिंतीत आपोआप उगवतो. वीतभर असतानाच पावसाळ्यात मुळासकट अलगद काढून घरापासून तीस-चाळीस फूट लांब लावा. तेवढी जागा नसेल तर ग्रामपंचायतीला विचारून गावठाणात लावा.