फासळ्यांवर कोरलेली गाणी

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ जुन्या रेकॉर्ड जमवतो. मागच्या महिन्यात एका मित्राने मोबाइलवर एक फोटो दाखवला. माणसाच्या छातीचा एक्स-रे, गोल कापलेला, मधोमध भोक. ही रशियातली रेकॉर्ड आहे आणि ती वाजते, असं तो म्हणाला. हे खरं आहे का? एवढ्या पातळ फिल्मवर सुई चालते कशी? आणि लोकांनी असा खटाटोप कोणत्या गाण्यांसाठी केला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. अशा रेकॉर्ड होत्या, आणि त्यातल्या काही अजूनही वाजतात. रशियन लोक त्यांना ‘फासळ्या’ किंवा ‘हाडं’ म्हणत. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या निघू लागल्या आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिल्या.

सुईचं आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कारखान्यातली रेकॉर्ड छापली जाते. गाण्याचा धातूचा साचा एकदा तयार झाला की त्यातून धडाधड प्रती काढता येतात. चोरून काम करणाऱ्याकडे साचा कुठला आणि छापण्याचं यंत्र कुठलं! त्याच्यापुढे एकच वाट असते : फिरत्या थाळीवर कोरी चकती ठेवायची, शेजारी मूळ रेकॉर्ड वाजवायची आणि तिच्या आवाजाने थरथरणाऱ्या कापणाऱ्या सुईने कोऱ्या चकतीवर चर ओढायचा. तीन मिनिटांच्या गाण्याची एक प्रत काढायला तीन मिनिटं लागतात. शंभर प्रती हव्या असतील तर ते गाणं शंभर वेळा वाजवायचं.

त्यासाठी चकती अशी हवी, की सुईला कापता येईल, पण कापलेला चर लगेच बुजणार नाही. कोऱ्या चकत्या बाजारात सहजी मिळत नव्हत्या. एक्स-रेची फिल्म मात्र या कामाला चालत होती आणि ती इस्पितळांत ढिगाने पडून होती. जुन्या फिल्मचा पाया नायट्रेटचा असे आणि तो भडकन पेट घेई. अमेरिकेत 1929 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटून 123 माणसं गेली होती. सोव्हिएत इस्पितळांनाही जुन्या फिल्म ठरावीक मुदतीत काढून टाकाव्या लागत. कोणी नाममात्र पैसे देऊन त्या उचलून नेत असेल, तर तिथल्या माणसांना हवंच होतं. मग कात्रीने गोल कापायचं आणि मधलं भोक जळत्या सिगारेटने पाडायचं. एकाच बाजूवर एक गाणं मावे, वेग मिनिटाला 78 फेऱ्यांचा. तुमच्या-माझ्या घरी जुने एक्स-रे कपाटावर पिवळ्या पाकिटात वर्षानुवर्षं पडलेले असतात. ती फिल्म हाताने वाकवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते बोटांना कळेल.

आता यंत्राबद्दल. स्तानिस्लाव फिलोन यांनी 1946 मध्ये नेव्स्की प्रॉस्पेक्ट या लेनिनग्राडच्या मुख्य रस्त्यावर ध्वनिमुद्रणाचं दुकान थाटलं. युद्धानंतर जर्मनीतून आलेलं, टेलिफुंकेन कंपनीचं रेकॉर्ड कापणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. दुकान कायदेशीर होतं. कोणीही यावं, आपल्या आवाजात चार शब्द बोलावे आणि ते मुद्रित करून घेऊन जावं. दुकानाची दारं लागली की मात्र त्याच यंत्रावर वेगळी गाणी कापली जात. तिथे रुस्लान बोगोस्लोव्स्की नावाचा संगीतवेडा तरुण जाऊ लागला. त्याने ते यंत्र नीट पाहिलं, मापं ध्यानात ठेवली आणि स्वतःचं यंत्र बनवलं! कवी बोरिस ताइगिन हा मित्र सोबतीला होता. त्यांच्या मंडळीचं नाव पडलं ‘सोनेरी कुत्रा’. नाव ऐकून भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आपल्याला आठवतोच.

1950 मध्ये धरपकड झाली. ताइगिनला पाच वर्षांची, बोगोस्लोव्स्कीला तीन वर्षांची शिक्षा झाली. स्तालिन 1953 मध्ये वारला आणि माफीत दोघे सुटले. बाहेर येऊन बोगोस्लोव्स्की पुन्हा यंत्रापाशी बसला आणि पुढेही तुरुंगात गेला. गाण्यांच्या प्रती काढणं हा त्याचा गुन्हा. मला या सगळ्या कथेत हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी अर्धंच दिलेलं असतं. अमेरिकी जॅझसाठी आणि पुढे रॉक अँड रोलसाठी हे झालं, असं सांगतात. ते खोटं नाही. 1948 मध्ये संगीताविषयी कम्युनिस्ट पक्षाचा कडक ठराव आला. शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएफ यांच्यासारख्या संगीतकारांनाही त्याने सोडलं नाही, तिथे जॅझची काय कथा! एला फिट्झजेराल्डपासून बिल हेलीपर्यंत अनेकांचा आवाज एक्स-रेवर चढला. पण या फासळ्यांवर रशियन गाणीही भरपूर होती. बुखारेस्टमध्ये राहणारा प्योत्र लेश्चेन्को रशियनमध्ये टँगो गायचा. देशाबाहेर गेलेला गायक म्हणून त्याच्या रेकॉर्ड वर्ज्य. 1951 मध्ये रुमानियात त्याला अटक झाली आणि 1954 मध्ये कैदेतच तो गेला. वादिम कोझिन तर देशातच होता, युद्धाआधी घराघरांत ऐकला जाणारा. 1944 मध्ये त्याला पकडून दूर ईशान्येकडच्या कोलिमा भागातल्या कैद्यांच्या छावणीत धाडलं आणि त्याची गाणीही दिसेनाशी झाली. परक्या मुलखातलं नवं संगीत ऐकण्याची हौस कोणालाही समजते. पण आपल्याच भाषेतलं, कालपर्यंत आई-वडील गुणगुणत होते ते गाणं ऐकायला अंधाऱ्या बोळात जावं लागावं, ही गोष्ट मला फार जड वाटते. विकणारे या चकत्या गुंडाळून कोटाच्या बाहीत घालून फिरत. जाड लाखेची रेकॉर्ड अशी बाहीत थोडीच गेली असती!

कवटी, बरगड्या, हाताचा पंजा, ही चित्रं आज आपल्याला खेचतात. चकत्या कापणाऱ्यांना त्या चित्रांचं काही नव्हतं. त्यांना फक्त फिल्म हवी होती. टेपरेकॉर्डर घरोघर आले, प्रती काढणं सोपं झालं आणि फासळ्या संपल्या. लंडनचे संगीतकार स्टीफन कोट्स यांना सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या बाजारात अशी एक चकती सापडली. छायाचित्रकार पॉल हार्टफील्ड यांच्यासोबत त्यांनी पुढे अशा चकत्यांचा मोठा संग्रह आणि पुस्तक केलं, म्हणून त्या जगाला माहीत झाल्या.

तुम्ही रेकॉर्ड जमवता म्हणून शेवटी थोडं कामाचं. आता हौसेने एक्स-रेवर नवी गाणीही कापतात, तेव्हा जुनी म्हणून कोणी विकू लागला तर आधी चौकशी करा. खरी चकती हाती आलीच, तर एलपीची बारीक सुई लावू नका. 78 ची रुंद सुई लावा. फिल्म वळते, म्हणून थाळीवर आधी एक नको असलेली रेकॉर्ड ठेवा आणि तिच्यावर ही ठेवा. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच आवाज मुद्रित करून घ्या, कारण ही फिल्म मऊ आहे आणि सुई दर वेळी गाण्याचा थोडा अंश खरवडून नेते.