श्री विंझाई देवी, ताम्हिणी : नवरात्र आणि देवराई

स्थान

पुण्याहून पौड व मुळशीमार्गे माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट कोकणात उतरण्यापूर्वी, मुळशी तालुक्यातील ताम्हिणी हे गाव लागते. सह्याद्रीच्या या माथ्यावर दाट झाडीत श्री विंझाई देवीचे ठाणे आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने दूरदूरचे कुळाचारी भाविक येथे ओटी भरण्यास येतात.

नाम व कथा

विंध्यवासिनी हेच नाव लोकमुखी विंझाई झाले, अशी श्रद्धा आहे. नंदगोपाच्या घरी यशोदेच्या उदरी जन्मलेली कन्या कंसाने शिळेवर आपटण्यासाठी उचलली. ती त्याच्या हातून निसटून आकाशात गेली व पुढे विंध्य पर्वतावर राहिली, ही कथा सर्वश्रुत आहे. श्रीदुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी आपल्या या अवताराचे भाकीत करते. त्याच अध्यायात ती आणखी एक वचन देते. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा आपल्याच देहातून उगवलेल्या शाकभाज्यांनी ती जगाचे पोषण करील व शाकंभरी म्हणून ओळखली जाईल. वनस्पती हा देवीचा देह होय, हा भाव या वचनात आहे. ताम्हिणीस येणाऱ्या भाविकाने तो विशेष ध्यानी घ्यावा.

नवरात्र

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातील माती पसरून तीत सप्तधान्य पेरतात, मधोमध पाण्याचा कलश ठेवतात, रोज एक माळ चढवितात व नंदादीप अखंड तेवत ठेवतात. माती, बीज आणि जल यांचीच ही पूजा आहे. एकदा घट बसला की नऊ दिवस तो हलवीत नाहीत. अंकुर आपल्या गतीने वाढू देतात.

देवराई

देवीच्या नावाने राखलेल्या वनाला देवराई म्हणतात. सह्याद्रीत अशा देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या गेल्या. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक असे. घट हलवायचा नाही या नियमाचेच हे बारमाही रूप होय. अनेक देवरायांतील देव तर छपराविना, झाडांच्या सावलीतच असत.

या नियमामागे व्यवहारही आहे. ताम्हिणी येथे जुलै 2024 मध्ये एकाच दिवसात 556 मि.मी. पावसाची नोंद झाली. असा पाऊस उघड्या डोंगरावर पडला तर माती घेऊन वाहून जातो. पालापाचोळ्याने झाकलेल्या रानात तो जमिनीत मुरतो आणि झऱ्यांना पाणी टिकते.

डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. घाटाखाली श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या ग्रामस्थांनी त्या काळी आपली देवराई तोडीपासून वाचविण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले होते. राई गेली तर तिच्यातून वाहणारा ओढा आटेल, ही त्यांची चिंता होती. पुढे 2013 साली ताम्हिणी परिसरातील सुमारे 50 चौ. कि.मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू या रानांत आढळतो.

भाविक व देणगीदारांस विनंती

काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतीलच झाडे विकली गेली, अथवा सभामंडप व वाहनतळासाठी तोडली गेली. हेतू भक्तीचा असला तरी देवीचे वस्त्र उतरवून तिला दागिना घालण्यासारखेच ते झाले. म्हणून कोणत्याही देवस्थानास बांधकामासाठी देणगी देताना एकही वृक्ष तुटणार नाही ना, हे देणगीदारांनी अवश्य विचारावे. झऱ्याची स्वच्छता, राईची राखण व स्थानिक रोपांची लागवड यांसाठी दिलेले दानही देवीचीच सेवा आहे.

दर्शनार्थींनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. राईतील पान, फूल, फांदी, मध वा लाकूड घेऊ नये. ओटीचे साहित्य घरून आणावे.

2. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत न्याव्यात. झऱ्यात निर्माल्य टाकू नये.

3. अग्नी पेटवू नये. कर्कश ध्वनी टाळावा.

4. दसऱ्यास सोने म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत. सोने देताना एक पान पुरेसे आहे. शक्य असेल त्याने आपट्याचे एक रोप लावावे.

नऊ दिवसांत उगवलेले धान्याचे अंकुर दसऱ्यास आपण आदराने मस्तकी धारण करतो. त्याच आदराने देवीच्या या विशाल घटाकडे पाहावे आणि तो होता तसा पुढील पिढीच्या हाती द्यावा. श्री विंझाई मातेची कृपा सर्व भक्तजनांवर अखंड राहो, हीच प्रार्थना.