कालवडीचा पहिला माज : आहार आणि वाढ संप्रेरक

प्रश्न : मांसासाठी पाळलेल्या जातींच्या एकाच वयाच्या कालवडींपैकी काही लवकर माजावर येतात, काही उशिरा. यात आहार आणि वाढ संप्रेरकाचा वाटा काय?

उत्तर : पहिला माज वयापेक्षा वजनावर अधिक ठरतो. अँगस, हेरफोर्ड जातींच्या कालवडी प्रौढ गाईच्या वजनाच्या साधारण ५५ ते ६५ टक्के वजन झाल्यावर वयात येतात. गीर, कांक्रेज, ओंगोल अशा भारतीय जातींपासून अमेरिकेत घडवलेली ब्राह्मन जात वयात येण्यात अँगस, हेरफोर्डच्या मागे राहते.

पोषण चांगले असले की चरबीतून लेप्टिन हे संप्रेरक स्रवते. शरीरात पुरेसा साठा असल्याची खूण त्यातून मेंदूला मिळते. मग पिट्युटरी ग्रंथीतून एलएच संप्रेरक वारंवार सुटू लागते, अंडाशयातील पुटिका पक्व होते आणि बीज सुटते.

वाढ संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ (इन्सुलिनसदृश वाढ घटक) तयार करून घेते; पुटिकांच्या वाढीला त्याचे बळ मिळते. वाढ संप्रेरकाचा स्राव लसीकरणाने रोखलेल्या प्रायोगिक कालवडींत आयजीएफ-१ घटले आणि वयात येणे लांबले. उपासमारीत रक्तातले वाढ संप्रेरक उलट वाढते, पण यकृत त्याला दाद देत नाही. त्यामुळे आयजीएफ-१ कमीच राहते, म्हणून खाद्याची उणीव या संप्रेरकाने भरून निघत नाही.

दूध तोडण्याच्या सुमारास, म्हणजे ४ ते ९ महिन्यांच्या वयात, चांगली वजनवाढ झाली तर माज लवकर येतो. अतिखाद्य मात्र टाळावे. त्याने कासेत चरबी साठते आणि पुढे दूध घटते.